भोंग्याबद्दल एक तरी चांगलं

ज्या वर्षी माझ्या नातवाचा बाप्तिस्मा झाला आणि डोक्यावर पाणी पडताच त्याने असा टाहो फोडला की पेटीवाली वाजवायचीच थांबली, त्या वर्षीची ही गोष्ट. बाळंतपणाची रजा संपवून माझी सून शाळेत परत गेली ती त्याच महिन्यात. ती सातवीची वर्गशिक्षिका. तिच्या रजेत त्या वर्गावर बदली शिक्षक आले आणि गेले. त्यांतला एक जण छत्री विसरून गेला, तर ती न्यायलासुद्धा परत आला नाही.

सून घरात आली तेव्हा मला सही करता येत नव्हती. उभा जन्म मी इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी धुतल्या. कुठल्या गाठोड्यावर कुठल्या वॉर्डाचं नाव आहे ते मी रंगावरून ओळखायची, अक्षरांवरून नाही. सुनेने मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि पन्नाशी उलटल्यावर अक्षरं शिकवली. मी तिच्यावर वैतागायची, पेन्सिल फेकायची, डोकं दुखतंय म्हणून उठून जायची. ती पेन्सिल उचलून आणायची, टोक करायची आणि म्हणायची, "आई, पुन्हा." आवाज चढवला नाही कधी. म्हणून ती जेव्हा रोज घसा बसवून घरी यायला लागली, तेव्हा मला कळलं की काहीतरी फार बिनसलंय.

वर्गात तीसेक पोरं होती आणि त्यांचा म्होरक्या होता भोंगा. आमच्याकडे गिरणीचा भोंगा दुपारी बाराला व्हायचा आणि शाळेची जेवणाची सुट्टी त्याच्यावरच सुटायची. वेगळी घंटा द्यायची पद्धत नव्हती. तर हा पोरगा तो भोंगा तोंडाने काढायचा. नुसती नक्कल नव्हे. आधी खालून घरघर, मग वर चढत जाणारा तो आवाज, आणि शेवटी हवा सुटल्यासारखा विझणारा. गिरणीत जन्म काढलेली माणसंही फसायची. एक दिवस त्याने साडेअकरालाच भोंगा काढला. अख्खी शाळा पटांगणात आली. शिपायाने दारं उघडली, खालच्या वर्गातल्या बाईंनी पोरांचे हात धुऊन घेतले आणि मुख्याध्यापकांनी स्वतःचा डबा उघडून पहिला घास तोंडात घातला. मग साऱ्यांचं लक्ष घड्याळाकडे गेलं.

मुख्याध्यापकांना पोरं 'इस्त्री' म्हणायची. माझी त्याला हरकत नव्हती, कारण त्यांच्या शर्टाची घडी खरोखरच सुरेख असायची. लाँड्रीत मी एवढी वर्षं काढली, पण अशी कॉलर मोजक्यांचीच पाहिली. त्यांनी सुनेला बोलावून सांगितलं की सत्र संपायच्या आधी शाळेच्या मंडळाचे दोघे जण पाहणीला येणार आहेत. तोवर सातवी ताब्यात आली नाही, तर वर्ग दुसऱ्या कुणाला तरी दिला जाईल. तिला साहित्याच्या खोलीत बसवतील, नकाशे आणि परीक्षानळ्या सांभाळायला. पगार तोच राहील, असंही ते म्हणाले. तेवढं बोलून त्यांनी मिशीवरचं शीत पुसलं.

त्या संध्याकाळी सून आली, बाळाला माझ्याकडून घेतलं आणि खुर्चीत बसली. चपला पायांतच. मी पाण्याचा पेला पुढे केला, तो तिने टेबलावर ठेवून दिला.

"आई, मी नकाशेच सांभाळते," ती म्हणाली. "नकाशे बोलत तरी नाहीत."

बाळाची दुपटी भिजत घातली होती ती पिळली, दोरीवर टाकली आणि तिच्यासमोर येऊन बसले. प्रभूच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकलेल्या, पण स्वतः बोट ठेवून वाचल्या त्या तिच्यामुळे. स्वतः वाचलं की माणूस मधेच थांबतो आणि विचार करतो, ऐकताना तसं होत नाही.

मी म्हटलं, "तुला तीस पोरं मिळाली ती न विचारता. प्रभूने बारा स्वतः निवडून घेतले. नीट पारखून. आणि काय निघाले ते? मोठा कोण यावरून वाटेत भांडायचे. तो प्रार्थना करतोय आणि हे झोपलेत. एक गोष्ट सांगितली की दुसऱ्या दिवशी विचारायचे, याचा अर्थ काय. आणि वेळ आली तेव्हा पळाले. तो म्हणाला का, मी आपला सुतारकामाला परत जातो?"

"तो देवाचा पुत्र होता, आई."

"होता ना. तरी पहाटे उठून एकटाच लांब जायचा प्रार्थनेला. मला तर वाटतं वर्गाला कंटाळूनच जात असेल."

ती हसली. फार दिवसांनी हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "पण मला प्रार्थनाही सुचत नाही. डोळे मिटले की त्या पोराचा भोंगा ऐकू येतो."

"मग तू नको करू," मी म्हटलं. "आम्ही बसलोय की."

आम्ही म्हणजे उपासना मंदिराच्या मागच्या खोलीत दर बुधवारी दुपारी जमणाऱ्या बायका. साऱ्या साठीच्या पुढच्या. एक निवृत्त नर्स, एक बेकरीवाली, एक कुलूपवाल्याची विधवा, आणि गिरणीत मागाजवळ उभं राहून कान गेलेली एक, जिला सारे मावशी म्हणायचे. मावशीला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे, म्हणून ती देवाशी असं बोलायची जसं काही तो नदीच्या पलीकडे उभा आहे.

आमच्या त्या खोलीत एक नियम होता. कुणी घातला ते आता कुणाला आठवत नाही, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. कुणासाठी काही मागायचं असेल तर आधी त्या माणसाबद्दल एक आभार मानायचा. काहीतरी खरं, डोळ्यांनी पाहिलेलं. 'तू त्याला निर्माण केलंस म्हणून आभार' असलं गुळमुळीत चालायचं नाही. नर्सबाई लगेच म्हणायची, हे तर डासालाही लागू पडतं. आभार सापडला नाही तर त्या माणसाचं मागणं पुढच्या बुधवारवर जायचं.

मी सातवीच्या वर्गाची गोष्ट काढली तशा बायका सरसावून बसल्या. पोरं वाटून घेतली. कुणाला पाच, कुणाला सात. मावशी म्हणाली तिला एकच हवा, पण सगळ्यात द्वाड हवा, बाकीच्यांवर वेळ घालवायचा नाही. तिला भोंगा मिळाला.

आता आभार कोण आणणार? पोरांना रोज पाहणारी एकच होती. मी घरी येऊन सुनेला सांगितलं की प्रत्येक पोराबद्दल एक चांगली गोष्ट पाहून ये. ती म्हणाली, आई, तुमच्या बायकांना वेळ बरा मिळतो. पण दुसऱ्या दिवशी आल्या आल्या, पदर खोचायच्या आधी, तिने मला दोन सांगितल्या. कोपऱ्यातली जाडी मुलगी फळा पुसताना खाली पडलेली खडूची पूडही पुसते. आणि जो सतत कागदाची विमानं सोडतो त्याची विमानं इतकी छान उडतात की त्याला हवेबद्दल काहीतरी कळत असलं पाहिजे.

मग रोज दोनतीन यायला लागल्या. वर्ग काही शांत झाला नव्हता, तिचा घसा बसलेलाच होता. पण पूर्वी घरी आल्या आल्या कुरकुर करणारी ती आता आधी आठवायला बसायची. एक दिवस म्हणाली, "गंमत आहे. चांगलं शोधायचं म्हटलं की त्यांच्याकडे बघावं लागतं. मी इतके दिवस फळ्याकडे तोंड करून ओरडत होते."

सगळ्यांचं सापडलं. एकाचं सापडेना.

"भोंग्यात चांगलं काही नाही," सून म्हणाली. "मी प्रामाणिकपणे सांगते. आज त्याने खडूची पेटी पाण्याच्या माठात रिकामी केली. काल शेजारच्याच्या बुटांच्या नाड्या बाकाला बांधल्या. आवाज काढतो हे चांगलं म्हणायचं का?"

मी ते बुधवारी खोलीत सांगून पाहिलं. कुलूपवाल्याच्या विधवेने मान हलवली. आवाज ही त्याला मिळालेली देणगी, ती म्हणाली, तो त्याचा गुण नव्हे. कोकिळेचेही आपण आभार मानत नाही. बेकरीवाली म्हणाली, मी तर मानते. त्यावर बराच वाद झाला. शेवटी ठरलं की चालणार नाही.

यात सगळ्यात जास्त हाल झाले ते मावशीचे. तिच्या वाट्याला एकच पोर आणि त्याच्यासाठी तिला तोंड उघडायची परवानगी नाही. ती रिकामी बसायची, विणायची आणि सुस्कारे सोडायची, आणि तिचे सुस्कारेही मोठ्याने. रस्त्यात सून दिसली की पलीकडच्या फुटपाथवरून हाक मारायची.

"सापडलं का गं काही?"

सून लाजेने लाल व्हायची. मान हलवून नाही म्हणायची आणि झपाझप चालायला लागायची.

"अगं, एवढंसं तरी! कान स्वच्छ असतात का बघ त्याचे!"

बसथांब्यावरची माणसं सुनेचं काय हरवलं म्हणून विचारपूस करायला लागली. एकाने तर तिच्यासाठी वाकून गटाराच्या कडेने पाहिलंही.

पाहणीचा दिवस जवळ येत चालला. मुख्याध्यापकांनी एकदा सुनेला सुचवून पाहिलं की भोंग्याचं नाव शाळेतून काढायला एखादं सबळ कारण मिळालं तर वर्ग आपोआप सुधारेल. सुनेने मला ते सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा होता की मी जास्त काही विचारलं नाही. तिला ते गोड वाटलं होतं. माणूस थकला की असलं काही गोड वाटतंच.

मग एका सोमवारी ती घरी आली ती धावत. बाळ माझ्या मांडीवर होतं, ते तिने घेतलंसुद्धा नाही.

"आई, तो खोटं बोलत नाही."

मी विचारलं, कोण.

तेव्हा तिने नीट सांगितलं. सकाळी तिच्या खुर्चीवर कुणीतरी ओलं फडकं घातलं होतं. ती बसली, उठली, वर्ग हसला. तिने विचारलं, कुणी केलं? भोंगा उभा राहिला. म्हणाला, मी. नेहमीसारखाच. ती त्याला बाहेर जा म्हणणार, तेवढ्यात तिच्या मनात आलं की हा दर वेळी उभा राहतो. माठाच्या वेळी उभा राहिला, नाड्यांच्या वेळी, साडेअकराच्या भोंग्याच्या वेळीही अख्ख्या शाळेसमोर पटांगणात एकटा पुढे आला होता. सत्रभरात एकदाही तिला चौकशी करावी लागली नव्हती. मधे एकदा तिने त्याला विचारलं होतं, मागच्या भिंतीवर चित्र कुणी काढलं, तर म्हणाला होता, माहीत आहे, पण सांगणार नाही. मला माहीत नाही असंही तो म्हणाला नव्हता.

"मी त्याला शिक्षा करायची म्हणून इतकी सवयीने वळत होते," सून म्हणाली, "की तो उभा राहतो हे मला दिसलंच नाही."

मी बाळाला तिच्या हातात दिलं आणि तशीच चप्पल घालून मावशीकडे गेले. बुधवारपर्यंत थांबवेना. मावशीच्या कानाशी तोंड नेऊन मी ते सांगितलं. तिने विणकाम खाली ठेवलं.

"हे तर फार मोठं आहे," ती म्हणाली. ती हळू बोलायचा प्रयत्न करत होती, तरी शेजारीण खिडकीत आली.

बुधवार आला. आमच्या खोलीची एक खिडकी शाळेच्या गल्लीत उघडते. उकडत होतं म्हणून ती उघडी होती. आम्ही डोळे मिटून बसलो आणि खिडकीखाली दबकं हसणं आणि बुटांची खसखस मला ऐकू आली. मी एक डोळा उघडून पाहिलं. विटांच्या ढिगावर चढलेली दोन डोकी आणि मधे तिसरं, कानामागे पेन खोचलेलं. सुनेने मला त्याचं वर्णन इतक्या वेळा सांगितलं होतं की ओळखायला वेळ लागला नाही. म्हाताऱ्यांच्या प्रार्थनेत भोंगा वाजवायचा बेत होता. त्याने छातीत हवा भरून घेतली होती.

आणि मावशी सुरू झाली.

"देवबापा," ती म्हणाली, आणि कपाटावरच्या बशा हलल्या. "सातवीतल्या त्या भोंग्याबद्दल तुझे आभार मानते. तो खोटं बोलत नाही. कधीच नाही. त्याच्या बाईंनी सत्रभर पाहिलंय. मी एवढी म्हातारी झाले, पण आजही वेळ आली की थोडं इकडचं तिकडे करते, हे तुला ठाऊक आहे. हा पोरगा करत नाही. असा माणूस तू आमच्या गल्लीत दिलास, तुझे आभार. आता मागते. त्याच्या बाईंना बळ दे, त्या फार चांगल्या आहेत आणि फार दमल्यात. आणि त्याचा भोंगा जरा बारानंतर वाजव. आमेन."

त्याच्या छातीतली हवा कुठे गेली कोण जाणे. तो तोंड उघडं ठेवून तसाच उभा होता. त्याच्या सोबत्याने त्याला ढोपर मारलं, काढ ना, काढ ना म्हणून. त्याने काढला नाही. विटांवरून खाली उतरल्याचा आवाज आला आणि पावलं लांब गेली. नर्सबाईने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मावशीने डोळे उघडले आणि विचारलं, "माझा आवाज जास्त झाला का?" आम्ही सगळ्यांनी नाही म्हटलं, आणि देवाने ते पोटात घातलं असावं.

त्यानंतर वर्ग देवदूतांचा झाला असं मी सांगितलं तर मावशी आणि भोंगा दोघंही मला माफ करणार नाहीत. विमानं उडत राहिली. पण भोंगा बाईंकडे बघायला लागला. आधी चोरून, मग सरळ. एकदा तास संपल्यावर तो टेबलाशी येऊन घुटमळला आणि म्हणाला, तुम्ही कुणाला काही सांगितलं का माझ्याबद्दल? सून म्हणाली, हो, सांगितलं. खरं होतं ना? तो बराच वेळ टेबलाची कड नखाने खरवडत उभा राहिला. मग म्हणाला, हो. आणि गेला. त्या आठवड्यात सुनेच्या आवाजाला पुन्हा धार आली. ओरडून नव्हे, न ओरडल्याने.

पाहणीच्या दिवशी काय झालं ते मी सुनेकडून ऐकलं आणि नंतर भोंग्याकडूनही. भोंग्याने साऱ्यांचे आवाज काढून सांगितलं, म्हणून मी तिथे नव्हते तरी असल्यासारखीच आहे.

सकाळी शाळा भरली तेव्हा वऱ्हांड्यातल्या चषकांच्या कपाटाची काच फुटलेली होती. मंडळाच्या अध्यक्षीणबाई आणि त्यांच्याबरोबरचे गृहस्थ यायची वेळ, आणि दारातच काचेचा सडा. मुख्याध्यापकांची कॉलर त्या दिवशी पहिल्यांदा चुरगळली असं सून म्हणते. ते पाहुण्यांना घेऊन तडक सातवीच्या वर्गात आले. पोरं उभी राहिली. त्यांनी बोट दाखवलं ते थेट भोंग्याकडे.

"काच कोणी फोडली?"

"मी नाही, सर."

वर्गात कुजबुज झाली. भोंगा 'मी नाही' म्हणाला हे त्यांनी आधी कधी ऐकलं नव्हतं. मुख्याध्यापक पाहुण्यांकडे वळून म्हणाले, हाच तो मुलगा. मग सुनेकडे वळले. ते रागावले नव्हते, उलट जरा मऊच बोलले. म्हणाले, "बाई, सत्रभर याच्या तक्रारी तुम्हीच माझ्याकडे आणल्यात. आज एकदा म्हणा की यानेच फोडली असणार. मी त्याचा दाखला आजच काढतो, आणि वर्ग तुमच्याकडेच राहील."

सून मला म्हणाली, त्या क्षणी मला नकाशांची खोली दिसली. स्वच्छ, शांत, एका खिडकीची. आणि दुसऱ्या बाजूला एक कानामागे पेन खोचलेलं पोर, ज्याने माझ्या खुर्चीवर ओलं फडकं घातलं होतं.

"सर, तो नाही म्हणतोय म्हणजे त्याने फोडलेली नाही," ती म्हणाली. "हा मुलगा खोटं बोलत नाही."

"तुम्ही पाहिलं होतं का?"

"काच फुटताना नाही पाहिलं. याला पाहिलंय, सत्रभर. तुम्ही वर्ग काढून घेणार असाल तर घ्या. पण मी हे दुसऱ्या कुणासमोरही असंच सांगेन."

भोंगा मला सांगत होता की तेव्हा इतकी शांतता झाली की त्याला स्वतःच्या पोटातला आवाज ऐकू आला, आणि तो त्याने काढलेला नव्हता. सातवीचा वर्ग, ज्याला बदली शिक्षक छत्री सोडून पळत, तो श्वास रोखून उभा होता. कुणी हलेना.

मग पहिल्या बाकावरची वर्गनायिका रडायला लागली. वेण्या घट्ट, वह्यांना कव्हरं, रोज बाकीच्यांची नावं फळ्यावर लिहिणारी. ती म्हणाली, "सर, तुम्ही मला सकाळी किल्ली दिली होतीत. चषक पुसायला. मी दार जोरात लावलं."

मुख्याध्यापकांना किल्ली दिल्याचं आठवलं. ते आठवताना त्यांचा चेहरा कसा झाला ते भोंगा फार छान करून दाखवतो, पण ते कागदावर येत नाही. एवढं मात्र सांगायला हवं की ते सरळ माणूस होते. ते भोंग्याजवळ गेले आणि म्हणाले, "माझी चूक झाली, बाळा." सगळ्या वर्गासमोर, पाहुण्यांसमोर. मग वर्गनायिकेच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, काच बसवता येते.

वर्गनायिकेला हुंदका आवरेना. ती म्हणाली, मी सांगणारच नव्हते. पण तो काही न करता उभा राहिला आणि बाई त्याच्यासाठी उभ्या राहिल्या, मग मला गप्प बसवेना.

अध्यक्षीणबाई मागच्या बाकावर बसल्या, जाड्या मुलीच्या शेजारी. त्यांच्याबरोबरच्या गृहस्थांना जागा विमानवाल्याजवळ मिळाली. सूनबाईने खडू उचलला. अक्षर सरळ आलं. तिने त्या दिवशी वाऱ्यावर धडा घेतला. हवा पंखाच्या वरून कशी जाते, खालून कशी. विमानवाल्याला फळ्याजवळ बोलावलं. त्याने एक कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि विमान सोडलं ते वर्गावरून तरंगत जाऊन अध्यक्षीणबाईंच्या मांडीवर उतरलं. मग तो वर्ग बोलायला लागला, पण एकेक करून, हात वर करून, एकमेकांचं ऐकून. सून म्हणते, मला वाटलं मी कुठल्या दुसऱ्याच शाळेत आले.

आणि तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला.

कुणी उठेना. सगळी पोरं मान वळवून भोंग्याकडे बघायला लागली. वर्गनायिकाही. मुख्याध्यापकही.

भोंगा उभा राहिला. दोन्ही हात वर केले.

"मी नाही," तो म्हणाला.

आणि सगळ्यांनी विश्वास ठेवला. मग जे हसणं सुटलं ते वऱ्हांड्यातून, पटांगणातून आमच्या गल्लीपर्यंत आलं. मी मागच्या खोलीत होते. बुधवार नव्हता, तरी आम्ही सगळ्या जमून बसलो होतो. ते हसणं ऐकून बेकरीवाली म्हणाली, गेला वाटतं वर्ग हातातून. मी म्हटलं, नाही. हे निराळं आहे. लाँड्रीत वाफ सुटली की नुसत्या आवाजावरून कळतं, नळी फुटली की काम झालं.

सून तशीच शाळेतून खोलीवर आली. दारात उभी राहून हसत होती आणि रडत होती. मागे सातवीचा अर्धा वर्ग. वर्ग तिच्याकडेच राहिला. पुढच्या वर्षी तिने तो स्वतःहून आठवीत मागून घेतला. मुख्याध्यापकांनी नकाशांच्या खोलीची किल्ली दुसऱ्या कुणाला दिली.

त्या दुपारी आम्ही काही मागितलं नाही. नियम आमचाच होता, पण त्या दिवशी नुसतेच आभार झाले, आणि ते संपेनात. भोंग्याने मावशीला विचारलं की तिला गिरणीचा भोंगा ऐकू येतो का. ती म्हणाली, बरीच वर्षं नाही आला. तो तिच्या कानाशी गेला आणि त्याने काढला. आधी घरघर, मग वर चढत जाणारा. खिडकीच्या काचा थरथरल्या. मावशीने डोळे मिटून घेतले होते.

"अजून जरा मोठ्याने," ती म्हणाली.

तो दर बुधवारी यायला लागला. भोंगा झाला की आम्ही प्रार्थनेला बसायचो. कधी चार पोरं यायची, कधी दहा. प्रत्येकाने येताना कुणाबद्दल तरी एक आभार आणायचा असा नियम त्यांनाही लागू होता. मुख्याध्यापकांबद्दल पहिला आभार भोंग्यानेच आणला. म्हणाला, ते सगळ्यांसमोर 'माझी चूक' म्हणतात.

हे मी स्वतः लिहिते आहे. सुनेने नुसत्या वेलांट्या पाहिल्या.

माझा नातू दोन वर्षांचा झाला त्या हिवाळ्यात, एका मंगळवारी सकाळी, मावशी झोपेतच वारली. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, भोंगा झाला आणि आम्ही काही न मागता तिचेच आभार मानत बसलो.